न वाळवायचं बी

थोरल्या बहिणीच्या, ताईच्या पत्राला काकांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेलं होतं. मीठ घ्यायचं म्हणजे आधी ते उचलावं लागे, मग पुन्हा टेकवावं लागे. वाचायची गरज नव्हती, पाठ झालं होतं.

"वादळात म्हातारा पडला. मुळासकट. आता तुझ्याकडे उगवलं असेल तेवढंच. किती उगवलं ते कळव."

खाली सही नव्हती. ताई कधीच सही करत नसे. आपलं अक्षर इतकं वाईट आहे की ते दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही, असं तिचं म्हणणं.

म्हातारा म्हणजे कुणी माणूस नव्हे. ताई राहायची त्या डोंगराच्या कड्यालगत उभं असलेलं ते झाड. ताईनं आयुष्यभर वनखात्याच्या रोपवाटिकेत काम केलं, आणि निवृत्त झाल्यावरही ती तिथल्याच दोन खोल्यांत राहिली. खात्यानं तिला जा म्हटलं नाही आणि तिनं खात्याला विचारलं नाही. डोंगरावरच्या प्रत्येक झाडाफुलाला तिनं स्वतःचं नाव ठेवलं होतं. पुस्तकातली नावं तिला येत नव्हती असं नाही, पण ती पाहुण्यांसमोर वापरायची असतात, असं ती म्हणे. म्हाताऱ्याची जात पूर्वी सगळ्या उतारावर होती. लाकूड सरळ आणि टिकाऊ, त्यामुळे ती तुटत तुटत संपली. कड्यावर चढून कुऱ्हाड चालवायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून हा एकटा उरला. तोही लहरी. मनात आलं तर फळायचा, नाहीतर वर्षानुवर्षं नुसताच उभा.

यंदा तो फळला होता. उंदरांच्या आधी ताईनं फळं वेचली, बिया काढून ओल्या शेवाळात गुंडाळल्या आणि पुडकं शहरात पाठवून दिलं. काकांच्या नावानं नाही, मास्तरणीच्या नावानं.

मास्तरीण म्हणजे काकांची बायको. शाळेतली नोकरी सुटून वर्षं झाली तरी गल्लीत तिला सगळे मास्तरीणच म्हणत. तिच्या हाताला गुण होता. लोकांनी मेली म्हणून टाकून दिलेली रोपं ती उचलून आणायची आणि महिनाभरात ती पानं काढायची. आजारपणात ताईनं तिला कळवलं होतं की म्हातारा फळतोय, बी पाठवते. ते ऐकून ती जिना चढायची ताकद नसताना गच्चीवर गेली, कुंड्या भरल्या, आणि प्रत्येक कुंडीत तर्जनीनं भोक पाडून ठेवलं. "बी आलं की टाकायचं आणि झाकायचं," ती म्हणाली होती. "तुम्ही मधे पडू नका म्हणजे झालं."

पुडकं यायच्या दोनच दिवस आधी ती गेली.

त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं. कुणी काकांच्या खांद्यावर हात ठेवत होतं, कुणी त्यांना पाणी देत होतं. काका सगळ्यांना हो म्हणत होते. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं होतं. बोललेलं ऐकू यायचं, पण आत पोचायचं नाही. अशात पोस्टमननं दिलेलं ते पुडकं कुणीतरी त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोरी सोडली. ओल्या शेवाळाचा वास आला. आत बिया होत्या, गोटीएवढ्या, तपकिरी, चकचकीत.

आणि काकांचे हात उठले.

काका बीजभांडारात नोकरीला होते. देशभरातून आलेलं रानटी बी साफ करून, वाळवून, काचबंद करून थंडीत ठेवायचं, हे त्यांचं जन्माचं काम. हाताखालची पोरं त्यांना पाठीमागे बरणीकाका म्हणायची, आणि पुढे ते नाव तोंडावरही चिकटलं. त्या दिवशी बरणीकाकांनी बिया धुतल्या. चाळणीत निथळल्या. कोऱ्या कागदावर एकही दुसरीला लागणार नाही अशा पसरल्या आणि पंखा लावला. दिवसातून दोनदा पालटल्या. मग स्वच्छ बरणीच्या तळाशी ओल शोषणारे निळे खडे घातले, वर जाळी, वर बिया, घट्ट झाकण. चिठ्ठी लिहिली, चिकटवली. बरणी फ्रिजमध्ये गेली.

"काका काय करतायत?" पुतण्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"करू दे रे. तेवढंच मन रमतंय," कुणीतरी म्हणालं.

खरं तर मन रमतही नव्हतं आणि दुखतही नव्हतं. हातांना काम येत होतं आणि ते करत होते. त्या घरभर माणसांत त्यांच्या धंद्यातला एकजण जरी असता तरी तो ओरडला असता. पुडक्यातलं बंद पाकीट काकांनी बाकीच्या सांत्वनाच्या पत्रांबरोबर खणात टाकलं. त्यातलं एकही पत्र ते उघडत नव्हते.

भांडारात नवं पोर लागलं की काका त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. "बी दोन जातीचं असतं. एक झोपणारं, एक न झोपणारं. झोपणाऱ्याला वाळवा, थंड करा, शंभर वर्षं झोपेल. न झोपणाऱ्याला वाळवलंत तर ते मेलं. ते जमिनीवर पडतं तेच जागं असतं, त्याला ताबडतोब माती पाहिजे. मोठं बी, ओलं बी दिसलं की आधी हात मागे घ्या." हा धडा त्यांनी किती जणांना दिला असेल कोण जाणे.

वादळाचं पत्र आलं तेव्हा त्यांनी खणातून ते जुनं पाकीट शोधून काढलं आणि उभ्याउभ्याच वाचलं.

"मास्तरणीबाई, आल्या आल्या कुंडीत टाका. एक दिवसही वाळवायचं नाही. आणि बघा, बरणीवाल्याच्या हाती लागू देऊ नका!"

पुढे ताईनं हसण्याची खूण म्हणून काहीतरी काढलं होतं. ते बेडकासारखं दिसत होतं.

काकांनी बरणी बाहेर काढली. ओल लागली की गुलाबी होणारे तळाचे खडे अजून निळेच होते. काम चोख झालं होतं. त्यांनी पात्यानं एक बी मधोमध कापलं. आत दुधासारखं पांढरं असायला हवं होतं. जुन्या साबणाच्या तुकड्यासारखं तपकिरी होतं.

त्यांनी पातं धुऊन जागेवर ठेवलं आणि चहा केला. दोन कप झाला. एक ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी ते थोड्या बिया घेऊन भांडारात गेले. त्यांच्या जागी आता चष्मेवाली होती, त्यांनीच शिकवलेली.

"सर! बसा ना. खुर्ची तुमचीच आहे."

"तुझी आहे. जरा रंगात टाकून बघायचंय."

तिनं बिया कापून पातळ द्रावणात ठेवल्या. ज्यात जीव असतो ते बी त्यात लाल होतं. जे मेलेलं असतं ते रंग घेत नाही. "उद्या कळेल," ती म्हणाली. ते काकांनाही माहीत होतं. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. काचेच्या वाटीत फोडी जशाच्या तशा पडल्या होत्या.

चष्मेवालीनं वाटी खिडकीकडे धरली. "ही एक जराशी गुलाबी वाटतेय का, सर?"

काकांनी भिंग लावून पाहिलं. "उजेड आहे तो."

"हो, उजेडच." तिनं वाटी खाली ठेवली. मग उरलेलं एक बी बोटांत फिरवत म्हणाली, "पण वाळवलंय किती सुरेख! एक सुरकुती नाही. कुणी वाळवलं हो?"

"मी."

तिनं चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. "चहा सांगू का, सर?"

"नको. घरी करतो मी. दोन कप होतो."

उरलेल्या बिया त्यांनी गच्चीवरच्या कुंड्यांत टाकल्या, मास्तरणीनं बोटानं पाडून ठेवलेल्या भोकांत, एकेक. त्यात काही अर्थ नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पण भोकं होती आणि बिया होत्या. रोज सकाळी ते पाणी घालत. माती ओली होत होती, सुकत होती.

लेकीचा फोन रविवारी यायचा.

"बाबा, आत्याला उत्तर दिलंत?"

"देतो."

"अहो, चार ओळी लिहायच्या त्यात काय!"

"चारच ओळी आहेत."

"मग?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी लिहू का? सांगते, आई गेली त्या गडबडीत राहून गेलं म्हणून. आत्या काय समजून घेणार नाही?"

"राहून गेलं नाही ना. केलं मी. राहून गेलं असतं तर शेवाळात निदान दोन-चार तरी तगल्या असत्या."

"बाबा, एक विचारू? तुम्ही रडलात का हो, एकदा तरी?"

काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "वेळ झाला नाही."

"वेळ कशात जातो तुमचा?"

"कुंड्यांना पाणी घालतो."

पत्र लिहायला ते बसत नसत असं नव्हे. 'ती. ताईस' एवढं लिहून व्हायचं. अक्षर छान यायचं, बरणीवरच्या चिठ्ठीसारखं. पुढे पेन थांबायचं. ताईनं आयुष्यभर त्या एका झाडाची राखण केली होती. पोरं मोठी होऊन निघून गेल्यावर आईबाप घराची करतात तशी. तिला कागदावर काय कळवायचं? शेवटी काकांनी ठरवलं की जाऊन तोंडानं सांगावं. एका पिशवीत कपडे, दुसऱ्या पिशवीत बरणी. रिकामी बरणी का घेतली, ते त्यांना सांगता आलं नसतं.

बस डोंगराच्या पायथ्याशी सोडून निघून गेली. वर चढून पठारावर येईपर्यंत दुपार झाली. पावसाचे दिवस सरत आले होते आणि पठार फुललं होतं. काळ्या कातळावर बोटभर माती, आणि तेवढ्या मातीवर नजर जाईल तिथवर पिवळं. मधे निळ्याचे पट्टे, खळग्यातल्या पाण्याभोवती पांढऱ्याच्या कडा. याच वाटेनं पूर्वी मास्तरीण आणि ते यायचे तेव्हा ती दर दहा पावलांवर थांबायची आणि काका वैतागायचे. आज काका सरळ चालत गेले. रंग दिसत होते. दुकानाच्या पाट्या दिसाव्यात तसे.

ताई ओट्यावर कुबडी शेजारी ठेवून बसली होती. गुडघ्यांमुळे तिला मास्तरणीच्या वेळी येता आलं नव्हतं.

"अरे बाळ्या! न कळवता? कोण गेलं आता..." आणि तिनं जीभ चावली.

"कुणी नाही," काका म्हणाले. "आणखी कुणी नाही."

"ये. पाय धू. वाळलायस किती! तुलासुद्धा कुणी पंख्याखाली पसरून ठेवलं होतं की काय?"

काका पाय धुता धुता थांबले. पण ताई चहाला उठली होती. ती सहज बोलली होती, नेहमीसारखी.

चहा झाला तरी तिनं बियांचं काही विचारलं नाही. पत्र मिळालं का, एवढंही नाही. काकांनी दोनदा घसा खाकरला. दोन्ही वेळा ती दुसऱ्याच कशावर तरी बोलायला लागली. मग म्हणाली, "चल, उजेड आहे तोवर जाऊन येऊ. मला धर. नाही, असं नव्हे, मी काय बरणी आहे? सैल धर."

पठारावरून कड्याकडे जाताना ती कुबडीच्या टोकानं दाखवत होती.

"ही सरकारी. अकराला उघडते, चारला बंद. बघ, मिटायला लागली, साडेतीनलाच! ही चिकटी. पानांवर दवासारखं दिसतंय ना, तो गोंद आहे. माश्या धरून खाते. इथल्या मातीत खायलाच काही नाही, मग काय करेल बिचारी. आणि ती खडकाखाली बघ. वाक. आणखी वाक."

काका वाकले. खडकाच्या पोटात सावलीला एक जांभळं फूल होतं, नखाएवढं.

"ही चोरटी. हिला बघायला मास्तरीण इथं पोटावर झोपली होती, आठवतंय? साडी सगळी चिखलानं माखली."

"आठवतंय."

"काय वाटतं बघून?"

काकांनी फुलाकडे पाहिलं. "काही वाटत नाही, ताई."

तिनं कुबडी पुढे टेकवली. मग म्हणाली, "बरं. वाटायलाच पाहिजे असं इथं काही नाही. फुलांना कुठं तुझ्यासाठी फुलायचंय! चल."

कड्यालगतचं रान सुरू झालं. खुजी, वाऱ्यानं एका अंगाला वाकवलेली झाडं, खोडांवर दाढीसारखं लोंबणारं शेवाळ, फांद्यांच्या बेचक्यांत पांढरी फुलं धरून बसलेली आमरीची, म्हणजे ऑर्किडची, बेटं. आणि मग एकदम उजेड. म्हातारा उभा होता तिथं आता नुसतं आभाळ होतं. तो उताराला आडवा पडला होता, मुळांचं चाक माणसापेक्षा उंच, साल कागदाच्या पट्ट्यांसारखी सुटलेली. काकांना वाटलं होतं काळं, वाळलेलं लाकूड दिसेल.

पण म्हातारा हिरवा होता. शेंड्याला तांब्यासारखी कोवळी पालवी होती. आणि खोडावर, थेट सालीतून, पिवळसर पांढऱ्या फुलांचे झुबके आले होते. त्याच्या जातीची फुलं अशीच, खोडावरच यायची. मधमाश्यांचा आवाज होता.

"फुललाय," काका म्हणाले.

"हा त्याचा मोसमसुद्धा नव्हे. ते एक मूळ बघ, अजून जमिनीत आहे. त्याच्यावर चाललंय." ताई खोडावर बसली, पलंगावर आजाऱ्याशेजारी बसावं तशी. "पडलाय, पण त्याला अजून कळलेलं नाही. पोचायला वेळ लागतो. एवढं मोठं लाकूड."

काका उभे होते. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली. बरणी कातळाला लागून वाजली.

"ताई, बियांचं सांगायचं होतं."

तिनं हात वर केला. "इथं नको."

"पण मी त्यासाठीच..."

"कळलंय मला, कशासाठी आलायस. पोस्टकार्डाला जो माणूस दोन महिने उत्तर देत नाही तो बातमी चांगली असली तर बस पकडून येत नाही." तिचा आवाज चढला नव्हता. ती सालीची एक पट्टी ओढून काढत होती. "पण याच्यासमोर मला ऐकायचं नाही. मी पत्रानं विचारलंय, तू पत्रानं सांग. मी घरात बसून वाचीन, दार लावून. मला काय करायचंय ते तेव्हा करीन. तुझ्यासमोर नाही. तू असा खांबासारखा उभा राहणार आणि मलाच तुला सावरावं लागणार."

"बरं," काका म्हणाले.

"आणि खोटं लिहू नकोस. एक उगवलंय, दोन उगवलीत, असलं काही. तुझं अक्षर खोटं बोलताना फार सुरेख येतं."

वर वारा होता. थोडी फुलं गळून कातळावर पडली. काकांनी एक उचलून नाकाशी धरलं. ओल्या लाकडासारखा वास होता. का कोण जाणे, त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात टाकलं नाही, परत ठेवलं.

"फळ धरेल का?" त्यांनी विचारलं.

"कोण जाणे. त्या एका मुळाला किती ओझं पेलवतं त्यावर आहे. त्याच्या आधी त्याला कळलं तर नाही."

सकाळी निघताना ताईनं पिशवीतली रिकामी बरणी पाहिली. ती काढून घेतली, आणि तिच्यात स्वतःचं मीठ भरून फळीवर ठेवून दिली.

घरी आल्यावर काकांनी आधी गच्चीवर जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. मग जेवणाच्या टेबलावर बसून एका बैठकीत लिहिलं. अक्षर वाईट आलं.

"ती. ताईस,

एकही उगवलं नाही. पुडकं आलं त्या दिवशी मी बिया धुतल्या आणि वाळवल्या. तुझं पत्र उघडलं नव्हतं, पण ते कारण नव्हे. ते न झोपणारं बी आहे हे बघताक्षणी मला कळायला हवं होतं. बहुधा कळलंही असेल. हात थांबले नाहीत. भांडारात रंगात टाकून पाहिल्या. सगळ्या मेल्या आहेत. कुंड्यांत टाकल्या आहेत पण त्यांची वाट बघू नकोस.

हिनं कुंड्या तयार ठेवल्या होत्या. भोकं अजून आहेत, पाणी घालताना बुजू देत नाही.

म्हाताऱ्यानं फळ धरलं तर कळव. टपालानं पाठवू नकोस. मी येईन. वेचेपर्यंत तिथंच राहीन आणि ओल्या फडक्यात घेऊन त्याच दिवशी परतेन. बरणी तुझ्याकडेच राहू दे.

नाही धरलं तर तेही कळव."

सही करायला पेन टेकवलं आणि उचललं. सहीची गरज नव्हती.

पाकिटाला तिकीट लावून काका तसेच चपला घालून निघाले. पेटी गल्लीच्या टोकाला, शाळेच्या भिंतीत होती. शाळा सुटायची वेळ होती. पोरांची रेटारेटी चालली होती. काका कडेला थांबले, वाट झाल्यावर पुढे झाले, आणि पाकीट पेटीच्या तोंडात धरलं. थोडा वेळ धरूनच उभे राहिले. मग बोटं सैल केली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.